कोड रिव्ह्यूसाठी योग्य ऑनलाइन जागा कशी निवडायची: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

प्रोग्रॅम चालतो, आउटपुट बरोबर येतं, तरी मनात शंका राहतेच: हे असंच लिहितात का? टीममध्ये काम करणाऱ्याला हे शेजारी बसलेल्या सीनियरला विचारता येतं. एकट्याने शिकणाऱ्याला, फ्रीलान्स कामं घेणाऱ्याला किंवा ऑफिसात एकुलता एक प्रोग्रॅमर असलेल्याला विचारायला कुणी नसतं. अशा लोकांसाठी इंटरनेटवर फार चांगली सोय आहे. अनोळखी पण अनुभवी मंडळी स्वतःचा वेळ काढून तुमचा कोड वाचतात आणि सविस्तर अभिप्राय देतात, म्हणजेच कोड रिव्ह्यू करतात, तोही मोफत. मी बरंचसं याच वाटेने शिकले आहे.

नवी माणसं अडतात ती जागेवर. कोड ठीकठाक असतो, पण तो भलत्या ठिकाणी टाकला जातो. मग प्रश्न बंद होतो किंवा त्याकडे कुणी फिरकत नाही, आणि लिहिणाऱ्याला वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. तसं नसतं. प्रत्येक जागेचं काम वेगळं, नियम वेगळे. ते आधी माहीत असले की बराच मनस्ताप वाचतो.

हाताशी काय असावं

- चालणारा कोड. अर्धवट असला तरी चालेल, पण जेवढा दाखवताय तेवढा चालायला हवा.
- गिटची (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) प्राथमिक ओळख: कमिट (नोंदवलेला बदल), ब्रँच (बदलांची वेगळी शाखा), पुश (बदल ऑनलाइन पाठवणं).
- गिटहब किंवा गिटलॅबवर (गिटचे प्रकल्प ऑनलाइन ठेवायच्या जागा) खातं.
- तुमच्या भाषेचा फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारा) आणि लिंटर (संभाव्य चुका दाखवणारा). पायथॉनसाठी ब्लॅक आणि रफ, जावास्क्रिप्टसाठी प्रेटियर आणि ईएसलिंट, शेल स्क्रिप्टसाठी शेलचेक. गो भाषेत गोएफएमटी सोबतच येतो.
- प्रोग्रॅम चालवून बघता येईल एवढा नमुना डेटा, खोट्या नावांचा आणि खोट्या आकड्यांचा.
- साधं इंग्रजी. मोठ्या जागांवर सगळा व्यवहार इंग्रजीतच चालतो. छोटी, सरळ वाक्यं पुरतात. तिथे लोक कोड वाचायला आलेले असतात, व्याकरण तपासायला नाही.

## १. आधी गरज ओळखा

‘माझा कोड बघा’ या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळ्या मागण्या दडलेल्या असतात. तुमची कोणती, हे कळल्याशिवाय जागा ठरत नाही.

कोड चालतच नसेल, एरर येत असेल किंवा उत्तर चुकत असेल, तर तुम्हाला रिव्ह्यू नको आहे, बग सोडवायला मदत हवी आहे. त्यासाठी २००८ पासून सुरू असलेलं स्टॅक ओव्हरफ्लो आहे. अडचण दाखवणारा लहानात लहान तुकडा तिथे द्यायचा, संपूर्ण प्रोग्रॅम नाही. रिव्ह्यूच्या जागांवर न चालणारा कोड टाकला की तो विषयाबाहेर ठरतो. नवख्यांचे प्रश्न बंद होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

कोड चालतो, पण तो अधिक स्वच्छ, वेगवान किंवा सुरक्षित करायचा आहे, तर हा खरा रिव्ह्यू.

भाषा नवीन आहे आणि त्या भाषेतले जाणकार हेच काम कसं करतात हे शिकायचं आहे, तर रिव्ह्यूअरपेक्षा मेंटॉर शोधा. जावातून आलेला माणूस पायथॉन लिहितो तेव्हा कोड चालतो, पण त्याला जावाचा वास येतो. हे एका अभिप्रायात जात नाही, सोबत बसून समजावणारं कुणीतरी लागतं.

प्रकल्प मोठा असेल आणि रचनेबद्दल मत हवं असेल (फाइल्सची विभागणी, डेटाबेसची मांडणी, कोणता भाग कशावर अवलंबून ठेवायचा), तर एका फाइलचा रिव्ह्यू करणाऱ्या जागा कमी पडतात.

आणि खऱ्या टीममध्ये रिव्ह्यू कसा होतो याचा अनुभव हवा असेल, तर त्याला ओपन सोर्स प्रकल्पाशिवाय चांगला मार्ग मला माहीत नाही.

कागदावर एक ओळ लिहा: ‘मला या कोडबद्दल अमुक जाणून घ्यायचं आहे.’ ही ओळ जमत नसेल तर अजून थोडं थांबा. कोड परत एकदा वाचला की ती सहसा सुचते.

## २. कोणती जागा कशासाठी

कोड रिव्ह्यू स्टॅक एक्स्चेंज. हे स्टॅक ओव्हरफ्लोचंच भावंड, २०११ पासून सुरू असलेलं. चालणाऱ्या कोडचा सखोल लेखी रिव्ह्यू हवा असेल तर माझी पहिली पसंती हीच. नियम कडक आहेत, पण त्यांना कारण आहे. कोड तुम्ही स्वतः लिहिलेला हवा, प्रत्यक्षातला हवा आणि तुमच्या माहितीप्रमाणे बरोबर चालणारा हवा. ‘फू’, ‘बार’ अशी नावं घातलेला काल्पनिक कोड चालत नाही, कारण खरा हेतू कळल्याशिवाय नावं, रचना, वेग यांवर मत देता येत नाही. कोड प्रश्नातच पेस्ट करावा लागतो, नुसती गिटहबची लिंक पुरत नाही. आणि तुम्ही एकाच गोष्टीबद्दल विचारलं असलं तरी रिव्ह्यूअरला कोडच्या कोणत्याही बाजूवर बोलायची मुभा असते. ‘मी हे विचारलंच नव्हतं’ ही तक्रार तिथे चालत नाही. खरं तर न विचारलेल्या गोष्टींवरची मतंच अनेकदा जास्त उपयोगाची निघतात.

शिकाऊ असाल तर भाषेच्या टॅगसोबत ‘बिगिनर’ हा टॅग लावा. उत्तरं त्या बेताने येतात. तयार लायब्ररी असताना सरावासाठी तेच स्वतः लिहिलं असेल, तर त्यासाठी ‘रीइन्व्हेंटिंग द व्हील’ नावाचा टॅग आहे. तो लावला नाही की हमखास कुणीतरी सांगतं, ‘हे तर लायब्ररीत आहेच’, आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

एक्सरसिझम. कॅट्रिना ओवेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम ना-नफा तत्त्वावर चालतो आणि विद्यार्थ्यांसाठी मोफत आहे. सत्तरहून अधिक प्रोग्रॅमिंग भाषांचे मार्ग तिथे आहेत. पद्धत साधी: छोटा सराव सोडवायचा, टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या चाचण्या) पास करायच्या, मग मेंटॉरिंगची विनंती करायची. कुणी स्वयंसेवक मेंटॉर ती उचलतो आणि तुमच्या दोघांत संवाद सुरू होतो. तुम्ही बदल करून नवी आवृत्ती पाठवता, तो पुन्हा बघतो. चारचौघांत कोड दाखवायला संकोच वाटणाऱ्यांसाठी ही जागा फार मायेची आहे. कोड ब्राउझरमध्येही लिहिता येतो, त्यामुळे संगणकावर काही बसवायची गरज नाही. मर्यादा एकच: रिव्ह्यू त्यांनी दिलेल्या सरावाचा होतो, तुमच्या स्वतःच्या प्रकल्पाचा नाही.

ओपन सोर्स प्रकल्प. गिटहबवरच्या पुल रिक्वेस्टमधून (तुमचा बदल प्रकल्पात घेण्याची विनंती) होणारा रिव्ह्यू. गिटलॅबवर याच गोष्टीला मर्ज रिक्वेस्ट म्हणतात. इथे तुम्ही नुसता कोड दाखवत नाही, दुसऱ्याच्या प्रकल्पात भर घालता. त्यामुळे रिव्ह्यूअरला तुमच्या कोडची मनापासून काळजी असते: उद्या तो त्यालाच सांभाळायचा असतो. एकेका ओळीवर कमेंट येते, ‘बदल करा’ असं स्पष्ट सांगितलं जातं, आणि कधी रिव्ह्यूअर बदललेली ओळच सुचवतो, जी तुम्ही एका क्लिकवर स्वीकारू शकता. नव्यांसाठी ठेवलेली कामं ‘गुड फर्स्ट इश्यू’ या लेबलखाली सापडतात. हात घालण्याआधी प्रकल्पातली ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाची फाइल पूर्ण वाचा, आणि त्या कामावर दुसरं कुणी आधीपासून आहे का ते इश्यूखालच्या, म्हणजे कामाच्या नोंदीखालच्या, कमेंटमध्ये बघा.

अँड्रॉइड, क्रोमियम, गो यांसारखे काही मोठे प्रकल्प रिव्ह्यूसाठी गेरिट वापरतात. तिथे एकेक कमिट स्वतंत्रपणे तपासली जाते. पहिलाच अनुभव म्हणून मी तिकडे पाठवणार नाही. आधी छोटा प्रकल्प बघा.

डिस्कॉर्डवरचे आणि रेडिटवरचे समूह. जवळजवळ प्रत्येक लोकप्रिय भाषेचा आणि फ्रेमवर्कचा डिस्कॉर्ड सर्व्हर असतो. तीस-चाळीस ओळींवर झटपट मत हवं असेल तर उत्तम. मात्र बोलणं भराभर वर सरकत जातं, आणि महिन्याभराने तो धागा शोधायला गेलात तर सापडेलच असं नाही. रेडिटवर कोड रिव्ह्यूसाठीच वेगळा विभाग आहे, पण उत्तरांचा दर्जा फार वरखाली होतो. कधी तज्ज्ञ भेटतो, कधी कालच शिकायला लागलेला माणूस ठामपणे चुकीचं सांगून जातो. त्यामुळे तिथलं मत दुसरीकडे ताडून बघावं.

कोडवॉर्ससारख्या सरावाच्या जागा. इथे थेट रिव्ह्यू होत नाही. कोडं सोडवलं की त्याच कोड्याची इतरांनी दिलेली उत्तरं बघता येतात. त्यातून शिकायला मिळतं, पण एक सांभाळा: सर्वाधिक मतं मिळालेलं उत्तर अनेकदा सगळ्यात आखूड असतं, सगळ्यात वाचनीय असतंच असं नाही.

## ३. खातं उघडण्याआधी जागा पारखा

नाव मोठं आहे म्हणून तुमच्या भाषेचे लोक तिथे असतीलच असं नाही. पायथॉन आणि जावाला सगळीकडे वाचक असतात, तुमची भाषा कमी वापरातली असेल तर चित्र बदलतं. म्हणून जागा निवडण्याआधी थोडा वेळ नुसतं वाचत बसा.

तुमच्या भाषेच्या टॅगखालचे ताजे प्रश्न उघडा आणि किती प्रश्नांना उत्तर आलंय ते पाहा. उत्तर नसलेले प्रश्न रांगेने दिसले तर तिथे वाट बघत बसण्यात अर्थ नाही. मग उत्तरं वाचा. ‘छान आहे’, ‘नावं सुधारा’ एवढ्यावर थांबणारी आहेत, की कारण देऊन बदललेला कोड दाखवणारी? मला एक खूण नेहमी उपयोगी पडली आहे: चांगला रिव्ह्यूअर ‘हे चुकीचं आहे’ एवढ्यावर थांबत नाही, हा कोड कोणत्या परिस्थितीत कोलमडेल ते सांगतो. अशी उत्तरं सापडली की ती जागा धरून ठेवा.

बोलण्याचा सूरही तपासा. नवख्याच्या प्रश्नाखाली लोक कसे बोलतात ते बघा. परखडपणा आणि अपमान यांत फरक आहे, आणि परखडपणाला घाबरून चांगली जागा सोडू नका. पण जिथे विचारणाऱ्याची टिंगल होते आणि संचालक (मॉडरेटर) गप्प बसतात, तिथून निघा. दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत.

शेवटी अटी वाचा. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. स्टॅक एक्स्चेंजवर टाकलेला मजकूर, कोडसकट, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘बीवाय-एसए’ परवान्याखाली जातो. म्हणजे श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे ठेवून कुणीही तो वापरू शकतो. शिवाय तुमच्या प्रश्नाला आलेल्या उत्तराला कुणी पसंतीचं मत दिलं की प्रश्न तुम्हाला स्वतःहून काढून टाकता येत नाही. उद्या विकायचं ठरवलेलं सॉफ्टवेअर असेल तर हा विचार आजच करायला हवा.

## ४. कोड बाहेर टाकण्याआधीची तपासणी

इथे घाई करू नका. बाकीच्या चुका सुधारता येतात, इथली चूक परत घेता येत नाही.

कोड कुणाचा आहे? नोकरीत लिहिलेला कोड सहसा कंपनीच्या मालकीचा असतो. क्लायंटसाठी लिहिलेल्या कोडची मालकी कराराप्रमाणे ठरते. लेखी परवानगीशिवाय त्यातला तुकडाही सार्वजनिक करू नका. व्हेरिएबलची नावं बदलली म्हणजे तो कोड तुमचा होत नाही. त्याऐवजी तेच तंत्र वापरणारा छोटा स्वतंत्र प्रोग्रॅम घरी लिहा आणि त्याचा रिव्ह्यू घ्या. वेळ जातो, पण शिकायला तेवढंच मिळतं आणि नोकरीही सुरक्षित राहते. कॉलेजच्या असाइनमेंटचंही तसंच: मुदत संपण्याआधी बाहेर मदत घेणं नियमात बसतं का, हे आधी शिक्षकांना विचारा.

पासवर्ड आणि एपीआय की (बाहेरची सेवा वापरण्याची गुप्त किल्ली). कोडमध्ये थेट लिहिलेली की शोधा आणि बाहेर काढा. अशा गोष्टी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमध्ये) ठेवायच्या, आणि ज्या फाइलमध्ये त्या लिहिल्या आहेत तिचं नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइल्सच्या यादीत) घालायचं. बहुतेक लोक एका गोष्टीवर फसतात: की एकदा कमिट झाली आणि नंतरच्या कमिटमध्ये खोडली, तरी ती गिटच्या इतिहासात तशीच राहते. रेपो (गिटमधला प्रकल्पाचा साठा) सार्वजनिक केला की जुनी कमिट कुणीही उघडून वाचू शकतं. सार्वजनिक रेपोंमध्ये अशा की हुडकत फिरणारे आपोआप चालणारे प्रोग्रॅम असतात, त्यांना फार वेळ लागत नाही. म्हणून की बाहेर गेल्याचा नुसता संशय आला तरी पहिलं काम म्हणजे ती रद्द करून नवी घेणं. इतिहास साफ करायचं काम त्यानंतर.

माणसांची माहिती. नमुना फाइलमध्ये खऱ्या लोकांची नावं, फोन नंबर, ईमेल नकोत. लॉग फाइल आणि स्क्रीनशॉटही तपासा. एरर मेसेजमधल्या फोल्डरच्या पत्त्यात तुमचं स्वतःचं नाव असतं, तेही बघा.

परवाना. गिटहबवर रेपो सार्वजनिक केला, पण परवान्याची फाइल ठेवली नाही, तर लोक कोड वाचू शकतात, पण वापरायचा हक्क त्यांना मिळत नाही. इतरांनी वापरावा असं वाटत असेल तर एमआयटीसारखा सुटसुटीत परवाना जोडा.

## ५. वाचणाऱ्याला झेपेल एवढाच कोड द्या

स्मार्टबेअर या कंपनीने सिस्कोमधल्या कोड रिव्ह्यूंचा अभ्यास करून एक आकडा मांडला होता: एका वेळी २०० ते ४०० ओळी. त्याहून जास्त ओळी समोर आल्या की दोष सापडण्याचं प्रमाण घसरतं. गुगलच्या सार्वजनिक मार्गदर्शिकेत तर १०० ओळींचा बदल सहसा योग्य आणि १,००० ओळींचा सहसा फार मोठा मानला आहे. हे पगारी इंजिनिअरांबद्दल झालं. तुमचा कोड वाचणारा माणूस संध्याकाळच्या मोकळ्या वेळात वाचतोय. त्याला दोनेकशे ओळी द्या आणि त्या पूर्ण वाचल्या जातील असं बघा.

प्रोग्रॅम मोठा असेल तर त्यातला एक भाग निवडा, जो स्वतंत्रपणे समजतो आणि ज्याबद्दल तुम्हाला खरी शंका आहे. पण कापताना इतकं कापू नका की वापरलेली फंक्शनं आणि इम्पोर्टच गायब होतील. कोड कॉपी करून चालवता आला पाहिजे.

पाठवण्याआधी फॉरमॅटर आणि लिंटर चालवा. यंत्राला सापडणाऱ्या चुका माणसाकडून काढून घेणं म्हणजे त्याचा वेळ वाया घालवणं. इंडेंटेशन आणि न वापरलेले इम्पोर्ट निस्तरलेले असले की रिव्ह्यूअरची नजर थेट तर्काकडे जाते, आणि तुम्हाला तीच हवी आहे. टेस्ट लिहिल्या असतील तर त्याही जोडा. कोडने काय करायचं आहे, हे टेस्ट वाचून जितकं लवकर कळतं तितकं वर्णनातून कळत नाही.

संपूर्ण प्रकल्प ओळखीच्या कुणाला दाखवायचा असेल, तर गिटहबवर एक युक्ती आहे. रेपोच्या अगदी पहिल्या कमिटवर एक वेगळी ब्रँच काढून पुश करा, आणि मुख्य ब्रँचकडून त्या ब्रँचकडे पुल रिक्वेस्ट उघडा. पहिल्या कमिटनंतर लिहिलेला सगळा कोड त्यात बदल म्हणून दिसतो आणि कोणत्याही ओळीवर कमेंट करता येते. पहिल्या कमिटमध्ये फक्त रीडमी (प्रकल्पाची ओळख देणारी फाइल) असेल तर काहीच सुटत नाही. ही रिक्वेस्ट मर्ज करायची नाही, चर्चा संपली की बंद करायची. रेपो खासगी ठेवूनही हे करता येतं: २०२० पासून गिटहबच्या मोफत खात्यात खासगी रेपोवर हवे तेवढे सहकारी जोडता येतात.

## ६. विनंती कशी लिहायची

शीर्षकात कोड काय करतो ते लिहा. ‘कृपया माझा कोड सुधारा’ हे तिथल्या प्रत्येकाचंच म्हणणं असतं, त्याने काहीच कळत नाही. ‘खर्चाच्या सीएसव्ही फाइलमधून महिनावार बेरीज काढणारा पायथॉन प्रोग्रॅम’ हे वाचून त्या विषयातला माणूस थांबतो.

मजकुराचा नमुना देते. प्रत्यक्षात हे इंग्रजीत लिहायचं आहे.

> हा प्रोग्रॅम खर्चाची सीएसव्ही फाइल वाचतो आणि महिना व प्रकार यांप्रमाणे बेरीज छापतो. फाइलमध्ये तारीख, रक्कम आणि प्रकार असे तीन स्तंभ आहेत. काही ओळींत रक्कम रिकामी असते, त्या मी मुद्दाम सोडून दिल्या आहेत. पायथॉन ३.१२ वापरला आहे. बाहेरची लायब्ररी टाळली आहे, कारण हा प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर काहीही न बसवता चालवायचा आहे. सहा महिने मी पायथॉन शिकतो आहे. फाइल वाचणं आणि बेरीज करणं एकाच फंक्शनमध्ये आहे, ते वेगळं करावं का अशी शंका आहे. इतर सूचनांचंही स्वागत. खाली कोड, नमुना फाइल आणि अपेक्षित आउटपुट दिलं आहे.

यातलं ‘बाहेरची लायब्ररी टाळली आहे’ हे वाक्य बघा. ते नसतं तर पहिल्याच उत्तरात पांडाज ही लायब्ररी वापरायचा सल्ला आला असता. आपण मुद्दाम घेतलेले निर्णय आणि बांधून घेतलेल्या अटी आधीच सांगितल्या की रिव्ह्यू भरकटत नाही. ‘सहा महिने शिकतो आहे’ हेही कामाचं, कारण समजावण्याची पातळी त्यावरून ठरते. मात्र ‘मी अगदी नवखा आहे, माफ करा, कोड फार वाईट आहे’ अशी प्रस्तावना नको. त्यात माहिती काहीच नसते.

एकच विनंती एकाच वेळी तीन ठिकाणी टाकू नका. तीन अनोळखी माणसं एकच दोष वेगवेगळा शोधून लिहितात आणि त्यांचे कष्ट वाया जातात. एका ठिकाणी काही दिवस वाट बघा. उत्तर नाहीच आलं तर दुसरीकडे जा, आणि तिथे पहिल्या प्रश्नाची लिंक द्या.

## ७. उत्तर आल्यावर

वरच्या उदाहरणात न विचारलेली एक गोष्ट अनुभवी रिव्ह्यूअर नक्की पकडेल. रक्कम फ्लोटमध्ये (दशांश संख्या अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवली असेल, तर तो सांगेल की पैशांसाठी डेसिमल (त्या अचूक साठवणारा प्रकार) वापरा, कारण फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. दहा ओळींच्या फाइलवर हा फरक दिसणारही नाही. म्हणूनच स्वतः टेस्ट करताना तो सुटतो आणि दुसऱ्याच्या डोळ्याला दिसतो. अशी सूचना आली की नुसता बदल करून पुढे जाऊ नका. पायथॉन उघडा, ती बेरीज स्वतः करून बघा. मग ती पुन्हा विसरली जात नाही.

कोड रिव्ह्यू स्टॅक एक्स्चेंजवर उत्तर आल्यानंतर प्रश्नातला कोड बदलायचा नाही, हा तिथला पक्का नियम. बदललात तर उत्तरात दाखवलेला दोष प्रश्नात दिसेनासा होतो आणि ते उत्तर निरर्थक ठरतं. संचालक तुमचा बदल मागे घेतात. सुधारलेल्या कोडवर पुन्हा मत हवं असेल तर नवा प्रश्न लिहा, त्यात जुन्याची लिंक द्या आणि काय काय बदललं ते सांगा. आणि हो, पहिलं उत्तर आलं की लगेच त्यावर ‘स्वीकारलं’ अशी खूण करू नका, एखाद-दोन दिवस थांबा. प्रश्न मिटलेला दिसला की नवे वाचक पुढे सरकतात.

पुल रिक्वेस्टमध्ये याच्या उलट वागायचं. तिथे त्याच ब्रँचवर नव्या कमिट टाकत जायच्या आणि प्रत्येक कमेंटखाली काय केलं ते एका ओळीत सांगायचं. कमेंटच्या सुरुवातीला ‘निट’ असा शब्द दिसला तर ती बारीकशी सूचना आहे, त्यावरून काम अडणार नाही असा त्याचा अर्थ.

प्रत्येक सूचना मानलीच पाहिजे असं नाही. दोन रिव्ह्यूअर परस्परविरोधी सांगतात, हेही नेहमीचं. अशा वेळी दोघांना कारण विचारा. ‘मला असं आवडतं’ आणि ‘अमुक इनपुट आलं तर हे मोडेल’ यांत दुसऱ्याचं वजन जास्त. पटलं नाही तर तसं सौम्यपणे, तुमचं कारण देऊन सांगा. टीका कोडवर असते, ती आपल्यावर ओढून घेतली की वाद होतो आणि शिकणं राहून जातं. सुरुवातीला लाल खुणांनी भरलेला कोड बघून पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. उत्तर वाचून लगेच लिहू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा. तोवर बऱ्याच सूचना आपोआप पटलेल्या असतात.

एक वही किंवा फाइल ठेवा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या सूचना त्यात उतरवा. पुढचा कोड पाठवण्याआधी ती यादी स्वतःच तपासा.

## ८. तुम्हीही रिव्ह्यू करा

‘मी काय कुणाला सांगणार’ म्हणून बहुतेक नवी माणसं हे टाळतात. पण ‘हे फंक्शन वाचताना मी इथे अडखळलो’ हे सांगायला तज्ज्ञ असावं लागत नाही, आणि लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. ‘बिगिनर’ टॅगखालचा, तुम्ही नुकतंच शिकलेल्या विषयावरचा, उत्तर न आलेला एखादा प्रश्न घ्या. कोड आपल्या मशीनवर चालवा. रिकामी फाइल, ऋण आकडा, भलतीच तारीख देऊन बघा. जिथे मोडेल तिथे कोणतं इनपुट दिलं, काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, हे लिहा. काय चांगलं वाटलं तेही लिहा. खात्री नसलेल्या गोष्टीवर ठाम मत देऊ नका, ती प्रश्न म्हणून विचारा.